क्वांगकाकांच्या कठड्यावरची वेल

टोन थाट क्वांग यांच्या बाल्कनीच्या कठड्यावर एक डाग पडला होता. तो क्वांगना कधी दिसला नव्हता, कारण डाग बाहेरच्या बाजूला होता आणि क्वांग राहत होते आतल्या बाजूला. तो दिसला त्यांच्या मेहुणीला. ती दा नांगहून आली, अंगणात रिक्षातून उतरली, मान वर केली आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत सहज ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगं ताई, तुमच्या कठड्याला म्हैस पाठ टेकून बसली होती का गं?"

क्वांग चप्पल न घालता खाली गेले आणि मान वर करून उभे राहिले. डाग खरोखरच होता. काळा, कडेने हिरवट, आणि एकदा कुणी म्हैस म्हटल्यावर त्यात म्हशीशिवाय दुसरं काही दिसेना. शेपटीसुद्धा होती.

दुसऱ्या एखाद्या माणसाने दोन दिवस वाईट वाटून घेतलं असतं आणि सोडून दिलं असतं. पण टोन थाट हे आडनाव ह्वे या जुन्या राजधानीच्या शहरात वाटेल त्याला मिळत नाही. ते राजाच्या भाऊबंदांचं आडनाव. राज्य जाऊन ऐंशी वर्षं होत आली, राजवाडा बघायला आता क्वांगनाही इतरांसारखं रांगेत उभं राहावं लागतं, आणि पोटासाठी ते सत्तावीस वर्षं पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या टेबलावर बसत होते, हे सगळं खरं. पण आडनाव हे आडनाव. त्याच्या कठड्यावर म्हैस बसलेली चालत नाही.

"रंग लावू," क्वांग म्हणाले.

"लावा," त्यांची बायको न्यान म्हणाली. ती घरी बायकांचे लांब झगे शिवायची. तोंडात टाचण्या धरायची सवय असल्यामुळे एका वेळी एखाददुसराच शब्द बोलायची, पण तो टाचणीसारखाच बोलायची.

आता इमारतीची बाहेरची बाजू ही एकट्या क्वांगची नव्हे. ती सरकारने चाळीस वर्षांपूर्वी बांधलेली चार मजली इमारत, आणि तिची देखभाल करायला एक कचेरी. क्वांग त्या कचेरीत गेले. टेबलामागच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "अर्ज द्या, बघू."

हे वाक्य क्वांग सत्तावीस वर्षं रोज चाळीस वेळा बोलत आले होते. ते समोरून ऐकायला कसं लागतं ते त्यांना त्या दिवशी कळलं.

अर्ज तीन प्रतींत दिला. उत्तर आलं, की सदर इमारतीच्या कठड्यांच्या दुरुस्तीचा रहिवाशांचा नऊ वर्षांपूर्वीचा अर्ज विचाराधीन आहे आणि त्याचा निर्णय लागेपर्यंत कठड्यांना रंग लावता येणार नाही. म्हणजे दुरुस्ती होत नाही म्हणून डाग, आणि दुरुस्ती व्हायची आहे म्हणून डाग पुसायचा नाही. क्वांगनी मनातल्या मनात त्या कारकुनाला दाद दिली. इतकं गोल उत्तर त्यांनाही कधी जमलं नव्हतं.

तेव्हा मीटर विभागातल्या एका सहकाऱ्याने तोडगा सुचवला. "झाकून टाका ना! आमच्या आईच्या विहिरीवर एक वेल आहे. वेल म्हणजे, वर चढत नाही, सरपटते. जिथे ओल तिथे ती. पान असं सुंदर, मध्ये चांदीसारखं आणि कडेने जांभळं, की लोकांना वाटेल तुम्ही मुद्दाम भिंतीवर रेशीम घातलंय."

रेशीम हा शब्द क्वांगना आडनावाला शोभेसा वाटला. सोमवारी तो सहकारी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून सात काड्या घेऊन आला.

क्वांगनी भोकं पाडायचं यंत्र भाड्याने आणलं. कठड्याच्या बाहेरच्या बाजूला वाकून, कमरेला न्यानची मापाची पट्टी बांधून आणि तिचं दुसरं टोक न्यानच्या हातात देऊन (तिने शेवटपर्यंत विचारलं नाही, की ही पट्टी तुमचं वजन पेलणार आहे का), त्यांनी अकरा आकडे ठोकले. भोकांतून तांबूस भुगा आला. विटेचा असेल, असं म्हणून त्यांनी तो फुंकून टाकला. आकड्यांना कुंड्या टांगल्या. कुंड्या कमी पडल्या म्हणून दुधाच्या पावडरीचे डबे, डबे कमी पडले म्हणून फुटकी हेल्मेटं. शेवटी मोजदाद थांबली ती सव्वीसवर, त्यात हेल्मेटं चार.

मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. ह्वेमध्ये आजारी माणसाकडे कुणी फिरकणार नाही एक वेळ, पण कुंडीतल्या झाडाला सल्ला दिल्याशिवाय पुढे जाणार नाही. कुणी म्हणालं तांदळाचं धुवण घाला, कुणी म्हणालं मासळी धुतलेलं पाणी. एकीने अंड्यांची टरफलं आणून दिली आणि पुढे दोन महिने "माझ्या टरफलांची वेल" असाच तिचा उल्लेख केला. पहिल्या मजल्यावरचे ख्वात हे इमारतीचे गटप्रमुख, म्हणजे वॉर्डाच्या कचेरीने नेमलेले. पूर्वी सैन्यात रसद खात्यात होते. ते कर्णा हातात घेऊनच फिरत. ते म्हणाले, "वेलीला शिस्त पाहिजे, क्वांगदादा. बांधून काढा. मोकळी सोडलीत तर ऐकायची नाही."

एकट्या लायआजींनी सल्ला दिला नाही. सत्तरीच्या या बाई अंगणात, बरोब्बर क्वांगच्या बाल्कनीखाली, पहाटे पाचपासून नऊपर्यंत गोमांसाच्या झणझणीत रश्श्यातल्या शेवया विकायच्या. अकरा बुटकी स्टुलं, एक मोठं पातेलं आणि एक जीभ, एवढं त्यांचं दुकान. त्या म्हणाल्या, "राजेसाहेब, वेलीत काय घालायचं ते घाला. माझ्या रश्श्यात घालू नका म्हणजे झालं. काल एका गिऱ्हाइकाला पान सापडलं. मी म्हटलं तुळस आहे, खा."

त्या वर्षी पावसाची भुरभुर एकदा सुरू झाली ती थांबायचं नाव घेईना. वेलीला दुसरं काय पाहिजे? म्हैस आठवड्याभरात झाकली गेली. मेहुणीला फोटो पाठवण्यात आला. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण डाग संपला म्हणजे आपलं काम संपलं हे वेलीला कुणी सांगितलं नव्हतं. ती खाली निघाली.

दुसऱ्या मजल्यावर राहायच्या शुएनबाई. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. वेलीने त्यांची कपड्यांची दोरी धरली. दोरीवर चार दिवस न वाळलेला टॉवेल होता, त्यात तिने मुळं सोडली. तिथून ती पहिल्या मजल्यावर उतरली. ख्वातनी पावसात भिजलेले सैन्यातले बूट बाहेर ठेवले होते. वेलीला उजवा बूट आवडला.

"क्वांगदादा, खाली या!" कर्ण्यातून आवाज आला. "तुमची वेल माझ्या बुटात आहे!"

सगळ्या इमारतीला कळलं. क्वांग कात्री घेऊन खाली गेले आणि गटप्रमुखांसमोर गुडघे टेकून त्यांच्या बुटातून मुळं उपसू लागले. राजघराण्याच्या इतिहासात हा प्रसंग नोंदलेला नाही, तो इथे नोंदवला.

शुएनबाई मात्र खूश होत्या. टॉवेल हातात घेऊन त्या जिन्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला पान दाखवत होत्या. "बघा हं, पानाची एक बाजू मोठी, एक लहान. ज्या पानांनी अंगाला खाज सुटते ना, त्याच कुळातली आहे ही. पण हिला काटे—"

पुढचं कुणी ऐकलंच नाही. 'हिला काटे नसतात, ही अगदी निरुपद्रवी आहे' हे वाक्याचं उरलेलं अर्धं शुएनबाईंनी रिकाम्या जिन्याला सांगितलं. संध्याकाळपर्यंत चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत माणसं खाजवत होती. ज्यांच्या घरापर्यंत वेल पोचली नव्हती ते जास्त खाजवत होते. टरफलंवाल्या बाईंनी "माझ्या टरफलांची वेल" म्हणणं त्याच दिवशी बंद केलं.

बुधवारी सभा भरली. वेलीविरुद्धच्या अर्जावर सतरा सह्या होत्या. क्वांगनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी क्रमांक घालून फाइलला लावल्या होत्या. आज त्यांच्यावरच्या तक्रारीला क्रमांक मिळाला.

"प्रश्न एका बुटाचा नाही," ख्वात म्हणाले. "दरवर्षी वॉर्ड 'सुसंस्कृत कुटुंब' म्हणून प्रमाणपत्र देतो. तुमच्या घरी अशी एकोणीस लागली आहेत. विसाव्याची शिफारस मला करायची आहे. सतरा घरं खाजवत असताना मी काय लिहू?"

क्वांग उठले. त्यांनी खिशातून एक पान काढलं, सर्वांसमोर डाव्या गालावर घासलं आणि म्हणाले, "बघा! आहे खाज?"

"थांबा, वेळ लागतो," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळी सभा दहा मिनिटं त्यांचा गाल बघत बसली. काही झालं नाही. क्वांग विजयी मुद्रेने घरी आले. सकाळी उठले तर डाव्या गालावर चांगला टपोरा फोड. डास चावला होता, हे न्यानला माहीत होतं, डॉक्टरला माहीत होतं, डासाला माहीत होतं. पण दूध आणायला जाताना क्वांगना भेटलेल्या नऊ माणसांपैकी एकानेही ते मान्य केलं नाही.

"वेल काढून टाका," न्यान म्हणाली.

"रविवारी काढतो," क्वांग म्हणाले. हा शब्द त्यांनी तिला दिला, आणि तिच्या सांगण्यावरून गटप्रमुखांनाही.

शनिवारी सकाळी तेवीस दिवसांनी ऊन पडलं. क्वांग बाल्कनीत आले. उद्या जिला कापायची तिच्याकडे बघून त्यांना वाईट वाटलं. पानांच्या बेचक्यांत बारीक गुलाबी गाठी धरल्या होत्या, मोहरीएवढ्या. फुलं असावीत. जाणाऱ्याला निदान पाणी तरी पाजावं म्हणून त्यांनी फवाऱ्याने सगळ्या वेलीवर शिंतोडे उडवले आणि ते आत चहा प्यायला गेले.

या वेलीची फुलं उमलत नाहीत, उडतात. आतले केसर वाकवून दाबून ठेवलेले असतात. ओल मिळाली आणि वर ऊन तापलं की ते झटक्यात सरळ होतात आणि प्रत्येक गाठीतून पांढऱ्या परागाची एक फुंकर निघते. एका फुलाची फुंकर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण तेवीस दिवस ऊन न बघितलेल्या सव्वीस कुंड्यांनी एकदम फुंकर मारली तर अंगणातून वर बघणाऱ्याला काय दिसेल?

ख्वातना धूर दिसला.

गेल्याच महिन्यात त्यांचं आगीच्या बंदोबस्ताचं प्रशिक्षण झालं होतं. तेव्हापासून ते संधीची वाटच बघत होते. "आग! तिसरा मजला! जिन्याने उतरा! धावू नका! धावा!" कर्णा गरजला. तीन मिनिटांत सगळी इमारत फाटकाबाहेर रस्त्यापलीकडे चिंचेखाली उभी होती. कुणाच्या हातात पिंजरा, कुणाच्या हातात पूर्वजांची तसबीर. क्वांगच्या हातात चहाचा कप होता. आपल्याच घराला आग लागली आहे हे त्यांना चिंचेखाली कळलं.

लायआजी मात्र हलेनात. "वर आग लागलीय, माझ्या रश्श्याला नाही! अजून दुसरी उकळी यायचीय!"

आगीचा बंब आला. दोन जवानांनी म्हातारीला समजावून पाहिलं, मग ती बसली होती त्या स्टुलासकट तिला उचललं. हातात पळी उगारलेली लायआजी फाटकातून पालखीतल्या देवीसारखी बाहेर आली, आणि तिच्यामागून तिची सात-आठ गिऱ्हाइकं, वाडगे हातात धरून, चालता चालता शेवया ओढत.

जवान वर गेले. पाच मिनिटांनी वरून आवाज आला तो शिंकेचा. मग आणखी एक शिंक. जवान खाली उतरले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, नाकं वाहत होती, आणि त्यांच्या अधिकाऱ्याच्या शिरस्त्राणावर एक जांभळं पान चिकटलं होतं.

"धूर सोडणारं झाड कुणाचं आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

सत्तर बोटं क्वांगकडे वळली.

माणसाचा अपमान होतो तेव्हा पाय जड होतात म्हणतात. क्वांगचा कप जड झाला. तो कुठे ठेवावा ते कळेना. शेवटी तो हातात धरूनच ते पुढे झाले. अधिकाऱ्याने अहवालाचा कागद काढला. तीन प्रती, मध्ये कार्बन. लोक ओरडायला लागले. कुणाचा भात करपत होता, कुणाला कामावर जायचं होतं. लायआजींचा आवाज सगळ्यांच्या वर, "माझा रस्सा! अरे, माझा रस्सा आटतोय! मला आत जाऊ दे रे मेल्यांनो!"

"अहवालावर सही होईपर्यंत कुणीही आत जाणार नाही," ख्वात फाटकात आडवे उभे राहिले. "तसा नियम आहे."

अधिकाऱ्याने नाव लिहिलं. क्वांगनी वाचलं.

"टोपी राहिली," ते म्हणाले.

"कसली टोपी?"

"अक्षरावरची. थाटमधल्या अक्षरावर टोपी असते. नाहीतर ते आडनाव होत नाही."

"अहो काका, समजतं ना?"

"तुम्हाला समजतं. कागदाला समजत नाही."

आता त्या घटकेला क्वांगपाशी दुसरं काय उरलं होतं? एकोणीस प्रमाणपत्रांनंतरचं विसावं गेलं होतं, गाल सुजला होता, सगळा मोहल्ला हसत होता. एक टोपी तेवढी होती. ती ते सोडणार नव्हते. अधिकाऱ्याने दात ओठ खात नवा कागद घेतला, कार्बन लावला, टोपी घातली आणि या वेळी त्या गडबडीत क्वांगऐवजी क्वान लिहिलं.

"मी क्वान नव्हे."

"सही कर रे बाबा!" सगळी चिंच एका आवाजात ओरडली. लायआजींनी पळी फेकून मारली, ती ख्वातना लागली. तिसरा कागद आला. अधिकारी एकेक अक्षर मोठ्याने म्हणत लिहू लागला.

तो आवाज तेव्हा झाला.

फार मोठा नव्हता. दाढ उपटताना कानात होतो तसा, आतल्या आत. सगळ्यांनी मान वळवली. तिसऱ्या मजल्याचा कठडा एका बाजूने पुढे कलला, क्षणभर थांबला, आणि मग वेलीसकट, अकरा आकड्यांसकट, सव्वीस कुंड्यांसकट आख्खाच्या आख्खा खाली आला. धूळ फाटकापर्यंत उसळली.

धूळ बसली तेव्हा अकरा स्टुलांपैकी एकही दिसत नव्हतं. ढिगाऱ्याखालून लाल रस्सा वाहत येत होता आणि गवती चहाचा वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता. ज्याच्या तोंडात शेवया होत्या त्याच्या तोंडात त्या तशाच राहिल्या.

मग एकदम सगळे एकमेकांना मोजायला लागले. आया पोरांना चाचपू लागल्या. ख्वात कर्णा विसरून नुसत्या घशाने नावं पुकारत होते. क्वांगनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. न्यान नव्हती. रोज या वेळेला ती बाल्कनीत उजेडाला बसून काजं करायची.

त्यांच्या हातातला कप पडला. ते फाटकाकडे धावले, ख्वातना ढकलून. "न्यान! अगं न्यान!"

"काय?" मागून आवाज आला. न्यान चिंचेच्या बुंध्याआड उभी होती, नवरीचा अर्धा शिवलेला लाल झगा दोन्ही हातांनी छातीशी धरून. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून एवढा वेळ बोलली नव्हती.

क्वांग भर रस्त्यात खाली बसले. जीव भांड्यात पडला असं आपण म्हणतो. पण अंगणातल्या त्या पातेल्याचं काय झालं होतं ते बघितल्यावर, जीव पडायला भांडं तरी उरलंय कुठे, असं त्यांना वाटून गेलं.

त्या दिवसापासून क्वांग थोर झाले. जी माणसं सकाळी खाजवत होती ती संध्याकाळी पोमेलो, म्हणजे पपनसं, घेऊन आली. खोटी आग लागली म्हणून सगळे बाहेर पडले, आणि आडनावाची टोपी राहिली म्हणून सगळे बाहेर थांबले. नाहीतर आजींसकट दहा-बारा माणसं तिथेच असती, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. ख्वातनी कर्ण्यातून जाहीर केलं, की श्री. टोन थाट क्वांग यांच्या दूरदृष्टीमुळे इमारत वाचली. टरफलंवाल्या बाईंनी ढिगाऱ्यातून वेलीची एक काडी नेली आणि पुन्हा "माझ्या टरफलांची वेल" म्हणायला लागल्या. कुणीतरी ढिगाऱ्यात उदबत्त्या खोचल्या.

थोर माणसाला भूक मात्र लागेना. तीन दिवस क्वांग भाताचा वाडगा पुढे घेत आणि तसाच मागे सारत.

"गाल दुखतो?" न्यानने विचारलं.

"नाही." मग वाडगा मागे सारून ते म्हणाले, "न्यान, भोकं पाडताना तांबडा भुगा आला होता. मी तो फुंकून टाकला. विटेचा नव्हता तो. लोखंडाचा गंज होता. आणि त्याच्यावर मी सव्वीस कुंड्या टांगल्या, रोज पाणी घातलं. कठडा पडला नाही, न्यान. मी पाडला."

न्यानने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. सगळ्या काढून होईपर्यंत क्वांग वाट बघत होते.

"मग जाऊन सांगा," ती म्हणाली. "पोमेलो खाऊन पचणार नाहीत."

तपासणीला आलेली इंजिनिअर म्हणजे वी नावाची तिशीतली मुलगी. गुडघ्यापर्यंत बूट, कानामागे पेन्सिल. ढिगाऱ्यात उभी राहून मोजमापं घेत होती. क्वांगनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी अपराधी आहे, माझं म्हणणं नोंदवून घ्या, असं तीन प्रतींत लिहून आणलं होतं. ते सगळं त्यांनी उभ्या उभ्या वाचून दाखवलं, हेल्मेटांसकट.

वीने शेवटपर्यंत ऐकलं. "काका, भोकं पाडलीत ती चूकच केलीत," ती म्हणाली. "मी ते लिहिणार."

"लिहा."

"कुंड्यांनी तो लवकर पडला असेल. तेही लिहिणार."

"लिहा," क्वांग म्हणाले.

"आता माझ्याबरोबर या."

ती त्यांना चौथ्या मजल्यावर घेऊन गेली. तिथले लोक गावाला गेले होते, त्यांच्या शेजाऱ्याकडे किल्ली होती. बाल्कनीत एक कुंडी नव्हती, एक पान नव्हतं. वीने त्यांना दारातच थांबवलं, हात लांब केला आणि दोन बोटांनी कठडा ढकलला. कठडा हलला. मग सुटलेल्या गिलाव्यातून दिसणारी सळई तिने चिमटीत धरून दाबली. सळईचा भुगा झाला, बिस्किटासारखा.

"चाळीस वर्षं पाणी मुरलंय," ती म्हणाली. "सगळ्या मजल्यांवर असंच आहे. मी आज सगळ्या बाल्कन्या बंद करतेय, कठडे सगळे नवे होणार. तुमचा कठडा तुम्ही काही केलं नसतं तरी पडलाच असता, काका. या पावसाळ्यात, नाहीतर पुढच्या."

"कधी?" क्वांगनी विचारलं. "म्हणजे... किती वाजता?"

वीने त्यांच्याकडे बघितलं. हा प्रश्न तिला कुठल्या पुस्तकात शिकवला नव्हता.

"ते कुणाला सांगता येतं?" ती म्हणाली. "पण तुमचा पडला तेव्हा खाली कुणी नव्हतं. मी असे चार कठडे बघितलेत. खाली कुणी नव्हतं असा हा पहिला."

क्वांग जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावर थांबून त्यांनी दोन्ही हातांनी जिन्याचा कठडा धरला, मग घाईघाईने सोडला आणि भिंत धरली. तिथे ते बराच वेळ उभे राहिले. शुएनबाईंना वाटलं त्यांना चक्कर आली. त्यांना भूक लागली होती.

पण अजून एक माणूस उरला होता. लायआजींनी नवं पातेलं आणलं होतं आणि दुकान फाटकाबाहेर चिंचेखाली हलवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, भर गर्दीत, क्वांग त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आजी, मला तुम्हाला काही सांगायचंय." आणि त्यांनी सगळं सांगितलं. भुगा, आकडे, कुंड्या, पाणी. वी काय म्हणाली तेही सांगितलं, पण शेवटी, आणि हळू आवाजात.

लायआजी ढवळायच्या थांबल्या. गिऱ्हाइकंही खायची थांबली.

"म्हणजे माझ्या डोक्यावर तू दोन महिने हे टांगून ठेवलं होतंस," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि वर पाणी घालत होतास."

"हो आजी."

"आणि रोज खाली येऊन मला विचारायचास, 'आजी, आज मिरची कमी घालाल का?'"

"हो."

लायआजींनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. तीन दिवसांत त्यांच्या शर्टाची कॉलर सैल झाली होती. आजींनी वाडगा उचलला, त्यात शेवया घातल्या, मांसाचा मोठा तुकडा घातला, वर चमचाभर लाल मिरची घातली, मग आणखी चमचाभर, आणि बाकावर दाटीवाटीने बसलेल्या गिऱ्हाइकांकडे वळून ओरडल्या,

"हा माझा मारेकरी आहे. सरका जरा, बसू द्या त्याला. उपाशी आहे."

गिऱ्हाइकं सरकली.